तिसऱ्या माळेचं लेणं

आमच्या गावातल्या बायकांचे हात खतिजाभाभीला तोंडपाठ होते. दाराआडून नुसता हात पुढं आला, तरी ती नाव घेऊन बोलायला लागायची. हात आपल्या मांडीवर घेऊन ती अंगठ्याखालचा उंचवटा दाबायची, बोटांची हाडं एकमेकांवर सरकवायची आणि इकडंतिकडंच्या गोष्टी काढायची. गोष्ट अर्ध्यात येईपर्यंत काकण मनगटावर गेलेलं असायचं. हात दाबताना तिला बरंच काही कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरात दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही, कुणाचा हात कुणी पिरगाळला आहे. कळलेलं ती कधी बोलत नसे. म्हणून तर बायका तिच्यापुढं हात मोकळा सोडायच्या.

नरसोबाच्या वाडीपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. त्यात मणेराचं घर एकच, चावडीच्या मागं, जुन्या विहिरीला लागून. काकणांचा धंदा त्या घरात किती पिढ्यांचा, ते कुणी सांगू शकत नव्हतं. खतिजा लग्न होऊन आली तेव्हा तिची सासू हुसेनबी जिवंत होती. हुसेनबीनं तिला दोन गोष्टी शिकवल्या. पुढं आलेला हात रिकामा माघारी धाडायचा नाही, मग त्या हातात देण्यासारखं काही असो वा नसो. आणि भरलेलं काकण असं बसलं पाहिजे की खुरपताना, घागर उचलताना, दळताना ते मनगटावरून खाली येता कामा नये. सैल काकण भरणं म्हणजे हुसेनबीच्या लेखी आंधळ्याला खोटा रस्ता दाखवण्यासारखं होतं.

तिसरी गोष्ट शिकवावी लागली नाही. ती गावानंच त्या घराला दिलेली होती.

फार जुन्या एका सालात पटकी आली आणि निम्मं गाव ओस पडलं. घरटी एक तरी बाई गेली. मणेराच्या घरातली मात्र एकही गेली नाही. तेव्हा उरलेल्या गावानं अंबाबाईला बोलून ठेवलं की दरसाल नवरात्राच्या तिसऱ्या माळेला गावातून तुला हिरवा चुडा येईल आणि तो ह्याच घरच्या बाईच्या हातानं येईल. बावीस काकणं, अकरा अकरा. माप लहान, कारण देवीचं मनगट कुमारिकेसारखं नाजूक असणार, असं आमच्या जुन्या माणसांनी मनाशी धरलेलं. पहिल्या माळेपासून ती काकणं गावच्या देवळात घटाच्या समईपुढं ठेवायची. तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायला मणेराच्या बाईनं ती बुट्टीत घालून निघायचं. कोल्हापुरात महाद्वाराची पायरी येईपर्यंत बुट्टी जमिनीला टेकवायची नाही. दुपारच्या आरतीच्या आत लेणं देवीपुढं पोचवायचं. पुजारी एक काकण परत देई, ते दिवस मावळायच्या आत गावात आणून पाटलाच्या घरातल्या सुनेच्या हातात भरायचं. त्यानंतर मग गावातल्या बायकांनी नवी काकणं भरून घ्यायची.

ह्याबद्दल खळ्यावर घरटी एक सूप जोंधळा मणेराला मिळे. पण जोंधळ्याचं सोडा. त्या पहाटे सारं गाव वेशीपर्यंत चालत यायचं. पाटील, बामण, मराठे, सगळे. आणि गावाच्या पुढं चालायची ती मणेराची बाई. वर्षाचे बाकीचे दिवस ती दारोदार खाली बसून काकणं भरायची. त्या एका पहाटे तिच्या मागं गाव चालायचं.

पूर्वी हे जाणं पायी होतं, वाटेत मुक्काम करून. पुढं बैलगाडी आली. मग आमच्या गावाला एसटी लागली, एका दिवसात जाऊन येणं होऊ लागलं आणि वेळेची ही बंधनं तेव्हापासून आली. एसटीच्या हादऱ्यानं काकण तडकायचं भय, म्हणून बावीसांखेरीज आठ काकणं जादा घ्यायची रीत पडली. त्यांना वाटेची काकणं म्हणत.

त्र्याहत्तर सालच्या नवरात्रात हातकणंगल्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. खतिजा पोचली तेव्हा आरती होऊन गेली होती. काकण गावात आलं ते दिवे लागल्यावर. त्याच थंडीत हंबीरराव पाटलाच्या सुनेचं पहिलं मूल पोटातच गेलं. खतिजामुळं गेलं, असं कुणी म्हणालं नाही. पण पुढच्या नवरात्राच्या आधी चावडीत बोलावणं आलं.

"खतिजा," हंबीरराव म्हणाले, "औंदा लेणं येळंत गेलं आनि येळंत माघारी आलं, तर मान तुझा. न्हायतर जयसिंगपूरचा काकणाचा दुकानदार मागं लागलाय. त्येची सोताची मोटार हाय. म्या नुसतं गावाचं बघतोय, राग धरू नगं."

"राग कसला, मालक," ती म्हणाली. फक्रुद्दीन, तिचा नवरा, छातीच्या दुखण्यानं तीन वर्षांपूर्वी गेला होता. एकुलती लेक शमशाद कबनुरात दिलेली. घरात ती आणि काकणांच्या पेट्या. त्या दिवशी ती आमच्या घरी आली, माझ्या आईपाशी बसली आणि म्हणाली, "आक्का, ह्यो मान गेला तर गावात मी कोण गं? इकणारी बाई. इकणाऱ्या तर बाजारात शंभर हायत्या."

चौऱ्याहत्तरच्या तिसऱ्या माळेला आम्ही सारे वेशीवर गेलो. रानात भुईमुगाची काढणी चालली होती, ओल्या मातीचा आणि पाल्याचा वास होता. खतिजानं धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बुट्टीत भाताचं काड, त्यावर जुन्या साडीची घडी, त्यात कच्च्या सुतानं बांधलेली अकरा अकराची दोन जुडगी आणि बाजूला वाटेची आठ. संगतीला सयाजी. तो गावच्या ओटीचा माणूस. साडी, खण आणि नारळ त्याच्या पिशवीत. तोंडानं फटकळ, पण गावाचा विश्वासू. वेळेवर गेलो की नाही, हे माघारी येऊन गावाला सांगायचं कामही त्याचंच.

गाडीत बसल्यावर सयाजीनं तिच्याकडं बघून हसायला सुरुवात केली.

"भाभी, बुट्टी अशी धरलीयास जणू तान्हं पोर."

"तान्हं पोर रडून सांगतंय तरी. ही तडकली तर गप बसत्यात."

"मग आज तू बी गपच बस. बोलताना अंग हालतंय तुजं."

जयसिंगपूरच्या स्टँडवर नवरात्राची गर्दी लोटली होती. कोल्हापूरची गाडी लागायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळू लागले. सयाजीनं खिडकीतून आपलं मुंडासं आत टाकून दोघांची जागा धरली. दोघं आत चढून जागेपाशी पोचेपर्यंत शेजारचा माणूस खवळला होता.

"पावणं, माणसाचा पत्त्या न्हाय आनि मुंडासं बसलंय व्हय?"

"मुंडासं म्होरं आलं, डोस्कं मागनं आलं. सरका वाईच."

लोक हसले. खतिजा खिडकीशी बसली, बुट्टी मांडीवर. साडेआठ वाजले होते. दहापर्यंत कोल्हापूर, तिथून शहरातली बस, मग देवळातली रांग. मनाशी तिनं दोनदा हिशेब केला आणि दोन्ही वेळा तो जमला.

गाडी सुटता सुटता दोन बायका दारातून आत घुसल्या. एक म्हातारी, एक विशीतली. तरणी वर चढत असताना एका गवळ्याची दुधाची किटली आडवी आली. तिचे दोन्ही हात किटली आणि दाराच्या दांड्यात सापडले. काच फुटल्याचा आवाज मागपर्यंत आला. ती आत आली तेव्हा डावा हात मोकळा होता आणि उजव्यात दोनच काकणं उरली होती, तीही तडकलेली. ती त्या हातांकडं बघतच राहिली. मग तिचं लक्ष खतिजाच्या बुट्टीकडं गेलं.

पुढच्या बाकावरच्या बायकांनी सरकून दोघींना जागा दिली आणि विचारपूस केली. तरणी शालूबाई. तिचा नवरा कृष्णात कोल्हापुरात लाकडाच्या वखारीत कामाला. त्याच्या अंगावर ओंडका आला, मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलंय, असा निरोप पहाटे आला होता. म्हातारी धोंडुबाई, कृष्णाताची आत्या. ती काही बोलत नव्हती.

शालूबाई मागं वळली. "भाभी, काकणं हायत न्हवं तुमच्यापाशी? माझा हात भरा की."

खतिजा म्हणाली, "बाई, ही देवीची हायती. गावचं लेणं."

शालूबाईनं ऐकलं, पण हात मागं घेतला नाही. बाकाच्या पाठीवरून तो तसाच खतिजासमोर राहिला, मोकळा, मनगटावर काचेचा एक बारका ओरखडा. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती. पण पुढं आलेला हात समोर होता आणि खतिजाला हुसेनबी शेजारी बसल्यासारखी वाटली.

"थांब," ती म्हणाली. "वाटेची आठ हायत."

सयाजी दबल्या आवाजात म्हणाला, "भाभी, समईम्होरं ठेवल्याली हायत ती."

"लेण्यात मोजल्याली न्हाईत. फुटली असती तरी वाटंतच गेली असती."

तेवढ्यात धोंडुबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "नगं, नगं. भाभी, ऱ्हाऊ द्या. नगा भरू."

खतिजाला वाटलं, गरिबाघरची म्हातारी, पैशाला बिचकत असेल. "मावशी, पैशाचं मनात आणू नगा. मला काय बी नगं."

"पैशाचं न्हवं ओ... उगं कशाला... उतरल्यावर बघू."

"आत्या, उतरल्यावर कवा?" शालूबाईचा आवाज चिरकला. "असल्या हातानं त्यास्नी तोंड दावू व्हय? बघून काय म्हंतील?"

मग गाडीच बोलायला लागली. "भरा ओ भाभी, सवाष्णीचा हात हाय." "देवीच्या नावाची हायती, नवरा बरा हुईल बघा." एक बाई तर धोंडुबाईला दटावू लागली, "आजी, तुमी कशापायी आडवं येताय? वाईट दिसतंय ते." धोंडुबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि तोंड खिडकीकडं केलं.

खतिजानं शालूबाईचा हात हातात घेतला. हात गार पडला होता. भ्याली असेल, तिनं मनाशी म्हटलं. पोरीचा हात कामानं राकट झालेला आणि काकणं देवीच्या मापाची. साधी मणेरीण असती तर तिनं हात जोडून नाही म्हटलं असतं. खतिजानं कुणाच्या तरी तांब्यातलं पाणी घेतलं, हात ओला केला, अंगठा आत दुमडला आणि हाडांवर हाड सरकवलं. पोरगी ओठ चावत होती. हातकणंगलं मागं पडलं. गाडी हादरत होती आणि खतिजाचे हात हादऱ्याबरोबर थांबत होते, पुन्हा चालू होत होते. उजव्या हातातली तडकलेली दोन तिनं हळूच उतरवून बाहेर टाकली. चार इकडं, चार तिकडं. शिरोली आली तेव्हा आठवं काकण बसलं.

"घट्ट हायत न्हवं, भाभी? निघाली न्हाय पायजेत."

"म्या भरलेली फुटल्याबिगर निघत न्हाईत, बाई," खतिजा म्हणाली. आपल्या हातावर तिला फार विश्वास होता. एवढ्या गर्दीत, एवढ्या हादऱ्यात, एवढं लहान माप. सासू बघायला हवी होती, असं तिला वाटलं. पुढं तिनं मला हे सांगितलं तेव्हा याच वाक्यापाशी तिनं माझा हात दाबला. म्हणाली, "पोरीचा हात धरला, पर म्हातारीचा धरला न्हाय. म्हातारीचा धरला असता तर कळलं असतं."

पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी दहाला कोल्हापूरच्या स्टँडवर पोचली. तिथं गळ्यात पंचा टाकलेला एक माणूस उभा होता. त्यानं धोंडुबाईला काही विचारलं नाही. त्याची नजर शालूबाईच्या हिरव्या मनगटांवर गेली आणि तशीच खाली जमिनीवर गेली. त्यानं टांगा ठरवून ठेवला होता. शालूबाई टांग्यात बसली आणि खतिजाला तिनं भरलेला हात उंच करून दाखवला, निरोपाचा.

धोंडुबाई चार पावलं माघारी आली. खतिजाच्या कानाशी येऊन म्हणाली, "काय करून बसलीस गं बाई. माझं पोर रातच्यालाच गेलंय. हिला ठावं न्हाय. वाटंत सांगायचं नसतंय म्हणून न्हाय सांगितलं." आणि ती वळली. टांगा गर्दीत शिरला.

आमच्याकडं ही रीत आहे. नवरा गेला तरी बायकोला वाटेत सांगत नाहीत. आजारी आहे म्हणतात, धीर देत नेतात, आणि पोचल्यावर तिला आपोआप दिसतं. कुणी कुणावर दया म्हणून ही रीत घातली, देव जाणे.

शहरातल्या बसमध्ये खतिजा बुट्टी घेऊन बसली. सयाजीनंही ते बोलणं ऐकलं होतं. बराच वेळ तो पिशवीतला नारळ चाचपत राहिला. मग म्हणाला, "हे बघ भाभी. म्या काय बघितलं न्हाय, काय आयकलं न्हाय. वाटेची काकणं वाटंत फुटली, एवढंच गावात सांगायचं. बावीस शाबूत हायती. येळ हाय. देवीला पोचीव आनि मोकळी हो."

तिनं बुट्टी पोटाशी ओढून धरली. बस चौकामागून चौक ओलांडत होती. लोक देवीला निघालेले, कपाळं मळवटानं भरलेली, हातांत परड्या. एका वळणावर बस थांबली आणि कंडक्टर ओरडला, "दवाखानाऽऽ."

खतिजा उठली.

"बस खाली," सयाजी म्हणाला. "आपलं अजून म्होरं हाय."

"सयाजीदादा, ती काकणं दगडानं फोडत्याल."

"फोडंनात. रीतच हाय ती. तू काय करणार?"

"माप लहान हाय. मनगटाला गच्च बसल्यात. वरनं दगूड हाणला तर काच नशीत जाईल."

"भाभी, अकरा वाजायला आल्यात. रांग कुठवर आली असंल कुणाला ठावं. तू उतरलीस तर मान संपला. मी सांगत न्हाय तुला, हंबीररावानं सांगितलंय."

"काढायला दुसऱ्या कुणाला येत न्हाय," ती म्हणाली.

कंडक्टरनं दोरीला हात घातला होता. "बाई, उतरणार का ऱ्हाणार? गाडी देवीला चाललीया, माझ्या सासरवाडीला न्हवं."

ती उतरली. सयाजी खिडकीतून डोकं काढून ओरडला, "मी महाद्वारात थांबतो! आरती हुईपतूर थांबतो!" आणि बस गेली.

दवाखान्यात रोगी म्हणून तिला कृष्णाताचं नाव घेता येईना, कारण तो आता रोगी राहिला नव्हता. एका झाडूवालीनं तिच्या तोंडाकडं बघून ओळखलं आणि मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडकडं बोट केलं. तिथून रडण्याचा आवाज येत होता.

शालूबाईला झाडाखाली बसवलं होतं. दोन बायकांनी तिचा डावा हात पायरीच्या कडेवर दाबून धरला होता. एक घाव बसून गेला होता. दोन काकणं फुटली होती, आणि खतिजाला जे भय होतं तेच झालं होतं. मनगटातून रक्त येऊन बोटांवरून ठिबकत होतं. पोरीला त्याचं काही नव्हतं. ती शेडच्या दाराकडं बघत होती.

"थांबा," खतिजा म्हणाली. "म्या काढते."

"काढायची नसत्यात," दगड धरलेली बाई म्हणाली. "फोडायची असत्यात."

"काढून देते. मग फोडा."

बाईनं धोंडुबाईकडं बघितलं. धोंडुबाईनं मान हलवली. खतिजानं बुट्टी जमिनीवर ठेवली. महाद्वाराच्या आधी ती बुट्टी जमिनीला टेकल्याचं त्या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. झाडूवालीनं साबणाची चीप आणून दिली. खतिजानं पुन्हा तोच हात मांडीवर घेतला, पुन्हा अंगठा दुमडला, पुन्हा हाडावर हाड. दोन तासांपूर्वी जे हात आत घालत होते, तेच आता बाहेर आणत होते. भरताना ती बोलत राहायची. काढताना बोलायला काही नव्हतं. हात सुजायला लागला होता, साबणात रक्त मिसळत होतं, एकेका काकणाला युगासारखा वेळ लागत होता. डाव्या हातातली दोन निघाली. उजव्यातली चार निघाली. सहाच्या सहा अखंड, तिनं ती पायरीवर ठेवली. धोंडुबाईनं पुढं होऊन त्यांच्यावर दगड टाकला.

तेव्हा शालूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

"भाभी, तुमाला ठावं हुतं?"

"न्हाय पोरी."

"आत्याला ठावं हुतं. पंचावाल्या मामाला ठावं हुतं. तुमी तर हात धरलावता."

"न्हाय गं, माझ्या लेकीची आण."

शालूबाईनं आपला हात खतिजाच्या हातातून काढून घेतला. जोरानं नाही, सावकाश. आणि पुन्हा शेडच्या दाराकडं बघू लागली.

खतिजा देवळापर्यंत गेली. पुढच्या बसनं गेली की चालत गेली, ते तिला पुढं कधी आठवलं नाही. आरती संपून लोक बाहेर पडत होते. महाद्वाराच्या कडेला सयाजी नारळ मांडीवर घेऊन बसला होता. त्याला एवढ्या गर्दीत ती लांबूनच दिसली.

"आत जाऊ," तो उठत म्हणाला. "पुजाऱ्याच्या पाया पडू. सांगू, गाडी बंद पडली."

तिनं दोन्ही हात उघडून दाखवले. नखांत वाळलेलं रक्त होतं आणि तळव्याला हिरवी कच चिकटलेली, उन्हात चमकणारी.

"ह्या हातानं?" ती म्हणाली.

द्वारातून आतलं शिखर दिसत होतं, दीपमाळा दिसत होत्या. वर्षानुवर्षं ती जिथं बुट्टी टेकवायची ती पायरी दोन हातांवर होती. ती तिथं थोडा वेळ उभी राहिली. मागून लोक ढकलत होते, "बाई, आत तरी चला, न्हायतर वाट तरी सोडा." तिनं वाट सोडली.

सयाजीनं गावात एवढंच सांगितलं की उशीर झाला. खरं सांगितलं असतं तर देवीचं लेणं मयताच्या दारात फुटलं असं झालं असतं, आणि मग खतिजाला विहिरीचं पाणीसुद्धा अवघड झालं असतं. उशीर झाला म्हटल्यावर लोक नुसतं "अरेरे" म्हणाले. हंबीरराव तर फार मऊ बोलले. म्हणाले, "तुझा काय दोस न्हाय, खतिजा. एसटीचंच हे असं." पुढच्या साली तिसऱ्या माळेला जयसिंगपूरच्या दुकानदाराची मोटार वेशीवर आली. चुडा पुठ्ठ्याच्या खोक्यात होता. आम्ही वेशीवर गेलो, पण चालायला कुणी पुढं नव्हतं, म्हणून सारे मोटारीभोवती उभे राहिलो आणि धूळ बसल्यावर घरी आलो. त्या दिवशी खतिजाचं दार बंद होतं.

मान गेला, जोंधळा गेला. धंदा तरी राहायला हवा होता, पण तोही राहिला नाही, आणि त्याला पाटील कारण नव्हता. हात पुढं आला की ती तो हातात धरून विचारू लागली, "घरात समदं बरं हाय न्हवं? मालक कुठं हायत? आज बघितलंस का त्यास्नी?" काकणं भरून घ्यायला बसलेल्या बाईला असलं विचारलेलं कसं आवडेल? बायका आधी हसल्या, मग कचरू लागल्या, मग बाजारातून काकणं आणू लागल्या. ज्या हातांची नावं तिला पाठ होती, ते हात तिच्या दारावरून पुढं जाऊ लागले. माझी आई तेवढी शेवटपर्यंत जात राहिली. आई म्हणायची, "अलीकडं लई सैल भरतीया ती. घागर उचलली की खाली येत्यात."

एकोणऐंशीत ती घराला कुलूप लावून कबनूरला लेकीकडं गेली. वेशीपर्यंत पोचवायला माझी आई आणि सयाजी, दोघंच.

तीन-चार वर्षांनी कामानिमित्त कबनुरात गेलो, तेव्हा शोधत शोधत मी शमशादच्या घरी पोचलो. घराच्या भिंतीला भिंत लागून यंत्रमागांचा कारखाना. दिवसभर खडाखड, खडाखड. बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. खतिजा दारात बसून चाकावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. डोळे अधू झाले होते. मी नाव सांगितलं तरी तिनं ओळखलं नाही. मग तिनं माझा हात ओढून घेतला, दाबला, आणि म्हणाली, "आक्काचा ल्योक व्हय रं तू? अंगठा आईचाच हाय."

त्या दिवशी हे सारं तिनं मला सांगितलं. सांगताना मध्ये मध्ये थांबायची आणि तेच विचारायची, "हात धरला हुता न्हवं म्या? मग कसं रं कळलं न्हाय?"

भिंतीवर एका खिळ्याला कच्च्या सुतात ओवलेली हिरवी काकणं टांगलेली दिसली. मागाच्या हादऱ्यानं भिंत थरथरत होती आणि तिच्याबरोबर ती काकणं किणकिणत होती, बारीक, न थांबता. कारखाना चालू असेतो ती अशीच वाजतात, असं शमशाद म्हणाली.

"भाभी, मी जाता जाता कोल्हापूरला देवळात पोचवू का ती?" मी विचारलं. "इथनं आता सारख्या गाड्या हायत."

"तुज्या हातानं चालत न्हाईत," ती म्हणाली. "माझ्या हातानं जात न्हाईत. ऱ्हाऊ देत."

उठताना मी ती मोजली. बावीसांतली नऊ होती. खाली भिंतीच्या कडेला हिरवी कच पडली होती. शमशाद म्हणाली, रोज झाडते.